घोरण्याचं प्रमाणित माप

निरीक्षक घोरतात ही गोष्ट एक ते स्वतः सोडले तर सगळ्यांना ठाऊक होती. बायकोला होती, लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीला होती, खालच्या मजल्यावरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तर छतातून येऊन पोचत होती. पण ज्या माणसाने उभं आयुष्य वजनमापे खात्यात काढलं, तो 'सगळे म्हणतात' एवढ्या पुराव्यावर काही कबूल करील ही अपेक्षाच चुकीची. सगळे म्हणतात म्हणून किलो भरत नाही. तो काट्यावर घालावा लागतो, आणि त्याआधी काट्याचं शून्य तपासावं लागतं.

हे शून्याचं प्रकरण कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. नोकरीत असताना निरीक्षक दुकानात शिरले की मालाकडे बघतसुद्धा नसत. आधी रिकाम्या काट्याकडे बघत. पारडं रिकामं असताना जो काटा शून्यावर उभा राहत नाही, त्यावर साक्षात देव बसला तरी निरीक्षकांनी देवाचं वजन मान्य केलं नसतं. "वस्तूला दोष देण्याआधी उपकरणाला द्या," हे त्यांचं वाक्य खात्यात प्रसिद्ध होतं. निवृत्तीनंतर ते घरात प्रसिद्ध झालं. भाजी खारट झाली की आधी मिठाचा चमचा तपासला जाई. ताप आला की आधी थर्मामीटर.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवत असे. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. एका सकाळी चहा गाळता गाळता बाई म्हणाल्या, "अहो, मी आजपासून पलीकडच्या खोलीत झोपणार."

"का? गादी टोचते?"

"गादी बिचारी गप्प असते. तुम्ही घोरता."

"मी?"

"नाही, गादी."

निरीक्षकांनी कप खाली ठेवला. "पुरावा?"

"इतकी वर्षं शेजारी झोपतेय, हा पुरावा."

"ती साक्ष झाली. साक्ष वेगळी, माप वेगळं. त्यातून साक्षीदार अर्धवट झोपेत."

बाईंनी गाळणं ओट्यावर आपटलं. "'मी घोरतो.' दोन शब्द आहेत. एवढे बोलून दाखवा, मी उशी घेऊन परत येते. घोरण्याची मला सवय झालीय हो. हे 'मी नाही त्यातला' मला आता सोसत नाही."

"मोजल्याशिवाय मी सही करत नाही. आणि मी घोरत असेन तर तूही घोरत असशील."

"आमच्या घराण्यात कुणी घोरत नाही," बाई म्हणाल्या. एखादं प्रमेय सिद्ध झाल्यावर फळा पुसावा तसा त्यांनी ओटा पुसला आणि उशी उचलली.

पलंगाची एक बाजू रिकामी झाली. निरीक्षकांना झोप लागत नव्हती असं नाही. ती उत्तम लागत होती, सेक्रेटरी साक्षीला होते. पण पहाटे जाग आल्यावर "उठलीस का?" असं विचारायला कुणी नव्हतं, आणि उत्तरादाखल "झोपा" असं सांगायलाही कुणी नव्हतं. हे रिकामपण मोजायला त्यांच्याकडे उपकरण नव्हतं. तेव्हा त्यांनी जे मोजता येण्यासारखं होतं ते मोजायला घेतलं.

झोपायच्या खोलीतच एक जुना कॉम्प्युटर होता. लेक कॉलेजात असताना घेतलेला, तिच्या मागे राहिलेला. त्याला जोडायला निरीक्षकांनी एक साधा मायक्रोफोन आणला. कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं तर तीन भोकं: हिरवं, गुलाबी आणि निळं. हिरवा म्हणजे 'चालू' हे जगभर मान्य असल्याने त्यांनी मायक्रोफोन हिरव्यात खोचला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि झोपले.

सकाळी ते चहाच्या वेळी हजर झाले ते विजयी मुद्रेने. "ऐक. अख्ख्या रात्रीचं आहे. हूं नाही की चूं नाही."

बाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, "झोपायच्या आधी तुम्ही खोकलात. मला पलीकडे ऐकू आला. तो खोकला कुठाय?"

खोकला नव्हता. पलंगाची करकर नव्हती. पहाटेचे पक्षीसुद्धा नव्हते. फोनवर लेक इतकी हसली की तिला बोलता येईना. "बाबा, हिरवं भोक स्पीकरचं! आवाज बाहेर जायचं. माइकचं गुलाबी. तुम्ही रात्रभर कॉम्प्युटरच्या तोंडात कान घातलात."

दुसऱ्या रात्री मायक्रोफोन गुलाबीत गेला. सकाळी पाहतात तो रेकॉर्डिंग मध्येच तुटलेलं आणि पडद्यावर सूचना: जागा संपली. डिस्क लेकीच्या जुन्या फोटोंनी गच्च भरली होती, आणि निरीक्षकांनी आवाज सर्वांत उंची प्रतीचा निवडला होता.

इथे वरच्या मजल्यावरचे तज्ज्ञ आले. ते कशातले तज्ज्ञ होते हे कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात "तज्ज्ञ म्हणतात" अशी करत म्हणून हे नाव. घरी मोठाले स्पीकर बाळगून होते, पण ते वाजताना कधी कुणी ऐकलं नव्हतं, कारण त्यांची जोडणी अजून पूर्ण व्हायची होती.

"तज्ज्ञ म्हणतात, एमपीथ्रीमध्ये साठवा," तज्ज्ञ म्हणाले. "दहावा हिस्सा जागा लागते. माणसाला जे ऐकू येत नाही, ते त्यातून काढून टाकलेलं असतं."

"काढून कोण टाकतं?"

"तो प्रोग्रॅमच टाकतो."

"म्हणजे गिऱ्हाइकाला कळणार नाही इतकाच माल काढून घ्यायचा." निरीक्षकांचा चेहरा पूर्वी दुकानदारांना घाम फोडत असे तसा झाला. "या युक्तीसाठी मी लोकांची दुकानं बंद केली आहेत."

तेव्हा एमपीथ्री बाद झाली आणि बाहेरून जोडायची एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची, हार्ड डिस्क आली. ती जोडल्यावर कॉम्प्युटरने तिची क्षमता दाखवली: नऊशे एकतीस जीबी.

निरीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हजारात एकोणसत्तर कमी! निवृत्तीनंतर इतका ताजातवाना झालेला नवरा बाईंनी पाहिला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानात गेले.

"माप कमी आहे," ते म्हणाले.

दुकानदार सवयीने हसला. "काका, सगळ्यांच्याच तशा दिसतात. कंपनी मोजते हजाराच्या हिशेबात आणि कॉम्प्युटर मोजतो एक हजार चोवीसच्या. जागा तेवढीच, मोजायची पट्टी वेगळी."

"म्हणजे विकताना एक पट्टी आणि वापरताना दुसरी."

"तसं म्हणा हवं तर."

"म्हणा काय? एका मालाला दोन मापं ठेवणं हा गुन्हा आहे!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागवला, कंपनीच्या तक्रार विभागाचा नंबर दिला. तिथे एका यंत्राने निरीक्षकांना सांगितलं की त्यांचा कॉल फार महत्त्वाचा आहे, आणि मग संगीत लावून दिलं. शेवटी एका मुलीने तक्रार घेतली. "सर, तुमची डिस्क हरवली आहे की बिघडली आहे?"

"कमी भरली आहे."

"सर, तो पर्याय माझ्याकडे नाहीये."

ते घरी आले ते दुखावूनच. बाईंनी कागदावर हजाराला तीनदा हजाराने गुणून आणि तीनदा एक हजार चोवीसने भागून दाखवलं. गणित चोख होतं. "हिशेब बरोबर आहे हो," बाई म्हणाल्या.

"हिशेब बरोबर आहे. नियत कमी आहे," निरीक्षक म्हणाले आणि डिस्कला नाइलाजाने कामावर ठेवून घेतलं.

आता सलग रात्रभराचं रेकॉर्डिंग मिळू लागलं. आणि त्यात आवाज होता. घर्रर्र, मग एक विसावा, मग पुन्हा घर्रर्र.

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या.

"ऐकलं. पंखा आहे."

"छताचा पंखा बंद होता."

"कॉम्प्युटरच्या आतला. मायक्रोफोन त्याला खेटूनच आहे. उपकरणाचाच आवाज उपकरण मोजतंय." त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत पंख्यावर धुळीची अशी गोधडी साचली होती की निरीक्षकांची बाजू क्षणभर बाईंनाही पटली. त्यांनी ब्रश लावून धूळ काढली, शिंकले, मोठ्या पात्यांचा संथ फिरणारा नवा पंखा बसवला. पुढच्या सकाळी पंखा ऐकू येत नव्हता. घर्रर्र येतच होता, उलट जास्त स्वच्छ. आणि त्याच्या मागे बारीक कट्-कट् होती.

"ती कट्-कट् आहे ना," निरीक्षक म्हणाले, "ती आतली जुनी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि वर एक सुई धावते. थकली की कण्हते."

"कण्हते तबकडी?"

"वयपरत्वे."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या आणि शिकवणीच्या वह्या तपासायला बसल्या.

तबकडीच्या जागी एसएसडी आली. तिच्यात फिरणारं, हलणारं, कण्हणारं काही नसतं. पाटीएवढी शांत वस्तू. कॉम्प्युटर इतक्या झटपट सुरू होऊ लागला की निरीक्षकांना चष्मा शोधायला वेळ मिळेना. बाहेरची कमी मापाची डिस्क त्यांनी रात्री काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. सकाळी रेकॉर्डिंगची दुसरी प्रत तिच्यावर घ्यायची. ज्याची एकच प्रत आहे ते नसल्यातच जमा, हे लेकीने बजावलं होतं. आणि घर्रर्र? घर्रर्र आता असा आला की त्यात चढ, उतार आणि शेवटी एक छोटी शिट्टीसुद्धा वेगळी ओळखू येत होती.

गंमत बघा. दर वेळी ते एक संशयित पकडून घराबाहेर काढत होते, आणि दर वेळी खोली थोडी रिकामी होऊन उरलेला एकच इसम जास्त स्पष्ट दिसू लागला होता. बाईंच्या हे केव्हाच ध्यानात आलं होतं. पण गणिताच्या शिक्षिकेने विद्यार्थी उत्तराकडे सरकत असताना मध्ये बोलायचं नसतं.

निरीक्षकांकडे एक शेवटचा आरोपी उरला होता. सगळ्या आवाजांच्या तळाशी एक सलग हुंकार होता: हुंऽऽऽ.

"तज्ज्ञ म्हणतात, हा विजेचा," तज्ज्ञ म्हणाले. त्यांना आता रोज चहाला यायचं कारण मिळालं होतं. "कॉम्प्युटरचं अंगचं साउंड कार्ड आतल्या विजेची बडबड पकडतं. बाहेर ठेवायचं साउंड कार्ड घ्या, चांगला स्टुडिओचा माइक घ्या."

दोन्ही आलं. नवा माइक एका लोखंडी हातावर पलंगाच्या डोक्याशी लटकला. रात्री उठल्यावर निरीक्षकांच्या कपाळाला तो नेमाने लागे. पहिल्या रात्री त्याने काहीच पकडलं नाही. त्याला स्वतःची वीज लागते आणि ती साउंड कार्डवरच्या एका बटणाने द्यावी लागते, हे तज्ज्ञांना नंतर आठवलं. बटण दाबलं. घर्रर्र आला. हुंऽऽऽ होताच.

"अर्थिंग," तज्ज्ञ म्हणाले. "जमिनीत जाणारी वायर. तुमच्या इमारतीचं अर्थिंग अशक्त आहे. खाली बागेत नवा खड्डा घ्या."

खड्ड्याला सोसायटीची परवानगी लागते. परवानगीला अर्ज लागतो आणि अर्जात कारण लागतं. निरीक्षकांनी 'ध्वनिमापनातील तांत्रिक त्रुटी' असं लिहिलं. सभेत सेक्रेटरींनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "कसला ध्वनी?"

"घरगुती."

"कसला घरगुती?"

निरीक्षक उभे राहिले. दुकानदारांच्या संघटनेसमोर ते कधी डगमगले नव्हते. "मी झोपेत घोरत नाही हे सिद्ध करण्यासाठी," ते म्हणाले, "मला बागेत एक खड्डा हवा आहे."

सेक्रेटरींनी अर्ज खाली ठेवला. मग शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, "साहेब, खड्डा कशाला? मी खालीच राहतो. सांगतो ना, तुम्ही घोरता."

"आम्हालाही येतो ऐकू," समोरच्या बिऱ्हाडातलं कुणी म्हणालं. "पण आमचे हे त्याहून मोठ्याने घोरतात."

"काहीतरीच! मी कुठं?"

आणि मग सभा हातची गेली. कोण घोरतं, कोण दात खातं, कोण झोपेत बोलतं याची चर्चा पाण्याच्या टाकीच्या विषयापेक्षाही लांबली. नवरे एकीकडे आणि बायका एकीकडे झाल्या. निरीक्षक मधोमध उभे होते. "तुमच्यापैकी एकही साक्षीदार प्रमाणित नाही," एवढंच ते सांगत राहिले. शेवटी नवऱ्यांच्या मतांवर खड्डा मंजूर झाला.

खड्डा खणून झाला त्याच सकाळी बाईंनी झोपायच्या खोलीत विसरलेला आपला मोबाइलचा चार्जर भिंतीवरून उपटून नेला. निरीक्षक तेव्हा हेडफोन लावून माइकचा आवाज थेट ऐकत होते. हुंऽऽऽ थांबला.

त्यांनी बोटाने 'पुन्हा' अशी खूण केली. बाईंनी चार्जर पुन्हा लावला: हुंऽऽऽ. काढला: शांतता. "मायक्रोफोनच्या वायरीला लागूनच होता," त्या म्हणाल्या. "उशी उचलून गेले तेव्हा तो इथंच राहून गेला होता." बागेतल्या खड्ड्यात पुढे कुणी लिंबाचं रोप लावलं.

आता उपकरणात खोट काढायला जागा उरली नव्हती. पण नियम म्हणजे नियम. शून्य अजून तपासलं नव्हतं. रिकाम्या पारड्याचं माप, म्हणजे निरीक्षक नसलेल्या खोलीचं एक रात्रभराचं रेकॉर्डिंग. त्यातही घर्रर्र आला, तर दोष यंत्राचा. ही त्यांची शेवटची आशा होती. ती एकट्यानेच बाळगून, बाईंना न सांगता, त्यांनी खोलीचं दार लोटलं, दारावर कागद चिकटवला — 'शून्य चालू आहे. प्रवेश बंद.' — आणि ते तज्ज्ञांकडे, न जोडलेल्या दोन स्पीकरांच्या मधल्या सोफ्यावर, झोपायला गेले.

"कसे झोपलात?" सकाळी तज्ज्ञांना त्यांनी विचारलं. तज्ज्ञांचे डोळे लाल होते. "तज्ज्ञ म्हणतात..." ते म्हणाले आणि प्रथमच वाक्य अर्धं सोडलं.

निरीक्षक खाली आले. दारावर कागद होता, तसाच. बाई स्वयंपाकघरात होत्या. निरीक्षकांनी हेडफोन लावले आणि रिकाम्या खोलीचा आवाज ऐकू लागले.

घर्रर्र नव्हता. अगदी नव्हता. इतकी निखळ शांतता त्यांनी कुठल्याच काट्यावर पाहिली नव्हती. यंत्र निर्दोष होतं. म्हणजे उत्तर मिळालं होतं, आणि दुसरा कुणी असता तर त्याने इथेच हेडफोन काढले असते. पण अर्धी नोंद वाचून सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते पुढे ऐकत गेले.

बऱ्याच वेळाने सपाता वाजल्या. दाराबाहेर थांबल्या. "'प्रवेश बंद' म्हणे," बाईंचा आवाज आला, आणि दार करकरलं. सपाता पलंगापाशी आल्या. "अहो, जरा कुशीवर व्हा—" मग थांबून, "अगंबाई. नाहीत."

ही ओळ निरीक्षकांनी मागे नेऊन पुन्हा ऐकली. जरा कुशीवर व्हा. झोपेतून उठून, दुसऱ्या खोलीतून चालत येऊन, ज्या सहजतेने हे शब्द आले होते, त्यावरून हे पहिल्यांदा घडत नव्हतं हे उघड होतं. मग आदल्या रात्रींच्या नोंदीत हे कसं नव्हतं? होतं. घर्रर्र मध्येच थांबत असे त्या जागी बारीक पुटपुट होती, आणि तिला ते विजेची बडबड समजून पुढे सरकवत आले होते.

पलंग करकरला. बाई निरीक्षकांच्या जागी आडव्या झाल्या असाव्यात. "तिकडे घड्याळाची टिकटिक ऐकत पडायचं नुसतं," त्या कुणाला तरी सांगत होत्या. मग आवाज माइकच्या अगदी जवळ आला. "आणि तू काय ऐकतोयस रे? झोप."

त्यानंतर शांतता. श्वास. आणखी श्वास. आणि मग, अगदी नाजूक, मांजर कुणाच्या मांडीवर बसून करतं तसा, पण चुकीला जागा नाही इतका स्पष्ट: घुर्रर्र. विसावा. घुर्रर्र. फू.

निरीक्षक ताठ बसले. शांत यंत्र, निर्दोष तार, तपासलेलं शून्य. याहून पक्का पुरावा त्यांनी आयुष्यात हाताळला नव्हता. आमच्या घराण्यात कुणी घोरत नाही! एका बटणाने सगळ्या सभेला ऐकवता आलं असतं.

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिथपासून पुढचा भाग कापून वेगळा केला. कपाटातली बाहेरची डिस्क काढली, तो तुकडा तिच्यावर उतरवला, कॉम्प्युटरवरून पुसून टाकला, आणि ती कपाटात मागे, ठेवणीतल्या कपड्यांच्या खाली ठेवली.

स्वयंपाकघरात जाऊन ते सरळ उभे राहिले, अहवाल देताना राहत तसे. "मी घोरतो," ते म्हणाले.

बाईंच्या हातातली पळी थांबली. "काय म्हणालात?"

"शून्य बरोबर आहे. यंत्रात दोष नाही. मी घोरतो. शेवटी शिट्टीही वाजते."

"अगदी शिट्टीसकट?" बाई हसू दाबत वळल्या. "डोंगर पोखरून उंदीर काढलात."

"प्रमाणित उंदीर आहे," निरीक्षक म्हणाले. मग हळूच म्हणाले, "रोज येतेस रात्री?"

"तुम्ही मध्येच थांबता आवाज करायचे. मग लक्ष लागून राहतं." त्या चहाचं आधण ठेवू लागल्या. "म्हणजे माझं बोलणं आलं वाटतं त्यात."

"आलं. 'प्रवेश बंद' मोडलास."

"आणि त्याच्या नंतरचं?" बाईंनी पाठ न वळवता विचारलं. "मला तिथंच डोळा लागला होता. त्यानंतरचं काय आलं?"

वजनमापे खात्यातल्या एवढ्या नोकरीत निरीक्षकांनी खोटा दाखला एकदाही दिला नव्हता.

"त्यानंतरचं मावलंच नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगतोय, ती डिस्क मापात कमी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आधणात साखर टाकली आणि पलीकडच्या खोलीत उशी आणायला गेल्या.